गंधकाच्या फवारणीने चक्रीवादळं कमी होतील का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गंधकाचे कण सोडून थोडं ऊन अडवलं तर चक्रीवादळं कमी होतील का? आणि वादळ किनाऱ्याकडे निघालेलं असताना ऐनवेळी फवारणी करून ते मोडता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर 'नाही', म्हणून ते आधी उरकतो. हे कण वर्षभर हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. त्यांच्या सावलीने समुद्र निवायलाच महिने जातात. वादळाचं आयुष्य फार तर काही आठवड्यांचं. थेट वादळावर फवारणी अमेरिकेने करून पाहिली आहे, पण ती सिल्व्हर आयोडाइडची, म्हणजे ढगांतलं पाणी गोठवणाऱ्या रसायनाची: 'स्टॉर्मफ्युरी' प्रकल्प, 1962 ते 1983. 1969 मध्ये डेबी या वादळावर फवारणी झाली आणि वारे सुमारे 30 टक्क्यांनी मंदावले, तेव्हा काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. पुढे लक्षात आलं, की वादळाच्या डोळ्याभोवतीची, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीची, ढगांची भिंत ढासळून बाहेर नवी भिंत उभी राहणं फवारणी न झालेल्या वादळांतही आपसूक घडतं. शिवाय त्या ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी इतकं कमी असतं, की रसायनाला करण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

आता पहिला प्रश्न. वादळ जास्तीत जास्त किती जोर धरू शकेल, हे बऱ्याच अंशी दोन तापमानांवर ठरतं: खाली समुद्राच्या पृष्ठभागाचं आणि वर, साधारण 15 किलोमीटरवर, जिथे वादळातली हवा बाहेर फेकली जाते तिथलं. गंधकाचे कण ऊन परतवून समुद्र थंड करतात. पण ते स्वतः अवरक्त किरण शोषतात, त्यामुळे स्थितांबराचा खालचा थर तापतो. खाली गारवा, वर ऊब. दोन्हींतला फरक घटला की वादळाच्या जोराची कमाल मर्यादाही खाली येते. आशा आहे ती इथेच.

मात्र ही मर्यादा आहे, हमी नव्हे. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वीचं तापमान तात्पुरतं अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. ऑगस्ट 1992 मध्ये, म्हणजे तो परिणाम ऐन भरात असताना, अँड्र्यू हे पाचव्या श्रेणीचं वादळ फ्लोरिडावर आदळलं. एकट्या वादळावरून काहीच सिद्ध होत नाही, पण 'कण सोडले की वादळं संपली' म्हणणाऱ्यांना मी हे वर्ष जरूर दाखवतो.

माझ्या मते खरा मुद्दा वेगळाच आहे: फवारणी कुठे करणार? 2017 मधल्या एका प्रतिमान-अभ्यासात (म्हणजे संगणकावर हवामानाची नक्कल करून केलेल्या अभ्यासात) फक्त उत्तर गोलार्धात कण सोडले, तर उत्तर अटलांटिकमधली वादळं घटली. फक्त दक्षिण गोलार्धात सोडले, तर ती वाढली. कारण एक गोलार्ध थंड झाला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दुसऱ्या, तुलनेने उबदार गोलार्धाकडे सरकतो. तो दक्षिणेकडे गेला की अटलांटिकवर खालच्या आणि वरच्या वाऱ्यांमधली तफावत वाढते आणि वादळ उभं राहण्याआधीच तिरकं होऊन विस्कटतं. पण त्याच सरकण्याने आफ्रिकेतल्या साहेलचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याचा, पाऊसही पळतो. म्हणजे एका किनाऱ्याला मिळालेलं संरक्षण दुसऱ्याच्या दुष्काळातून येणार, आणि हे कोणी कोणाला विचारून करायचं?

यात निव्वळ संगणकी कल्पना आहे असंही नाही. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतल्या गंधकाच्या धुराने उत्तर अटलांटिकवर अशीच सावली धरली होती. साहेलच्या 1970-80 च्या दशकांतल्या दुष्काळामागच्या कारणांत तिची गणना होते. पुढे कायद्यांनी हवा स्वच्छ झाली, समुद्र तापला आणि तिथली वादळं वाढायला त्याचाही हातभार लागला.

दोन्ही गोलार्धांत तोलून फवारणी केली तर हा पट्टा जागेवर ठेवता येतो असं प्रतिमानं दाखवतात. तरी वादळांच्या संख्येबाबत प्रत्येक महासागरासाठी त्यांचं एकमत नाही. त्यामुळे कोणी एका समुद्राचा नेमका आकडा छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबा. पावसाचं चित्र त्यामानाने स्पष्ट आहे. हवा एका अंशाने निवली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी घटते, त्यामुळे वादळातला मुसळधार पाऊस कमी व्हायला हवा. मात्र आजवर चढलेली समुद्रपातळी फवारणीने लगेच उतरत नाही. वाऱ्याचा जोर थोडा कमी झाला तरी वादळी लाट त्या चढलेल्या पाण्यावरूनच आत येणार.