पाळलेल्या पक्ष्याला आपला लळा लागलाय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय, कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) घेऊन चार महिने झाले, हातावर येतो, पण डोक्याला हात लावला की चावतो. पंख कापलेले असल्यामुळे लांब जात नाही. मग त्याला तुमचा लळा लागलाय का? यातलं ते पंखांचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

स्पष्टच सांगते. पंख कापलेला पक्षी खांद्यावर बसतो याला लळा म्हणत नाहीत. तो जाणार कुठे? ज्याला उडून जाता येतं आणि तरी जो आपणहून येतो, त्याचंच येणं मी धरते.

आमच्याकडे शेंदऱ्या आहे. राखाडी अंग, पिवळं तोंड आणि दोन्ही गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके, म्हणून हे नाव. 2018 च्या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आणला. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, सोलापुरात हे काम पुष्कळ घरांत चालतं. दिवसभर मशीनचा आवाज, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात तुरा ताठ करून बसायचा. मी त्याच्याकडे बघायचं सोडलं आणि माझं काम करत राहिले. मार्च उजाडेपर्यंत तो मशीनवर रीळ लावायच्या खुंटीपाशी येऊन बसायला लागला होता. मी बोलावलेलं नव्हतं.

एप्रिलात मावसबहिणीच्या लग्नाला तीन दिवस बार्शीला गेले. दाणापाणी थोरल्या भावावर सोपवलं. परत आले तर शेंदऱ्या फरशीवर चालत होता. मी शीळ घातली, तो नेहमीसारखा झेपावला आणि धप्पकन छातीवर आपटला. उठला, पुन्हा झेपावला, पुन्हा आपटला. मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत निळ्या पँटच्या तुकड्यांमध्ये राखाडी पिसं पडली होती, एका रेषेत कापलेली. शेजारी माझी कापडाची कात्री.

दादा म्हणाला, "फॅनमध्ये जाऊन मेलं असतं म्हणजे? बघ आता कसं माणसाळतंय. आणि पाखरू कुणाचं असतंय का गं? दाणा टाकेल त्याचं."

त्या शेवटच्या वाक्यावरून आमचं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

कापलेलं पीस केसासारखं वाढत नाही. पक्षी पिसं झाडतो तेव्हा तो कापलेला दांडा गळतो आणि मगच त्या जागी नवं पीस येतं. आमच्याकडे सगळी पिसं यायला दिवाळी उलटली. ते सहा-सात महिने शेंदऱ्या दिवसभर माझ्या अंगावर असायचा. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. मला मात्र ते गोड लागलं नाही. जमिनीवरून वर यायला त्याच्याकडे माझ्या साडीचा पदर सोडून दुसरा रस्ताच नव्हता.

हुरड्याच्या दिवसांत पंख भरले. पहिल्याच दिवशी तो उडाला तो थेट पडद्याच्या दांडीवर, आणि पुढचे अकरा दिवस माझ्याकडे फिरकला नाही. ज्वारीचं हिरवं कणीस हातात धरलं की यायचा, दाणे टिपायचा, परत दांडीवर. दादा बघत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी त्याला नीट बघायला शिकले. कॉकाटील हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, उघड्या मुलुखातला, थव्याने राहणारा पक्षी. ससाण्यासारख्या पक्ष्यांचं हे भक्ष्य. अशा जिवाचं सगळं लक्ष धोक्याकडे असतं. कुत्र्यासारखं अंगावर उड्या मारून तो माया दाखवणार नाही. तुमच्यासमोर तो सावधपणा सोडतो, तीच त्याची माया. तुमच्या शेजारी बसून पिसं साफ करतो का? तुम्ही जेवायला बसलात की तोही दाण्याच्या वाटीकडे जातो का? तुम्ही खोलीबाहेर गेलात की मोठ्याने हाक मारतो आणि तुम्ही शीळ दिलीत की गप्प होतो का? थव्यात ते असंच एकमेकांना 'कुठे आहेस' विचारत असतात. तुरा ताठ म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटवून फुत्कारतोय म्हणजे लांब राहा, अर्धवट सैल म्हणजे निवांत.

2019 चा मे. दुपारी दोनचा सुमार, पारा 44 च्या आसपास, आणि लाईट गेली. मशीन बंद, फॅन बंद. मी ओला टॉवेल मानेखाली घेऊन फरशीवर पाय पसरून आडवी झाले. शेंदऱ्या दांडीवर होता. हातात दाणा नव्हता, वाटी पलीकडच्या खोलीत होती. थोड्या वेळाने पंखांची फडफड ऐकू आली, मग फरशीवर नखांचं टिकटिक. तो माझ्या पावलापाशी थांबला, मान वाकडी करून एका डोळ्याने बघितलं, चोचीने साडीचा काठ धरला आणि नडगीवर चढला. जरा इकडेतिकडे करून जागा ठरवली. एक पाय पोटात घेतला, मान मागे वळवली आणि चोच चोचीवर घासायला लागला. किरकिर, किरकिर, वाळूत खडा फिरवल्यासारखी. झोपायच्या आधी निर्धास्त असला की हा पक्षी असं करतो. मग डोळे खालून वर मिटत गेले. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. लाईट येईपर्यंत चाळीस मिनिटं तो तिथेच झोपला होता.

संध्याकाळी दादाला सांगितलं तर म्हणाला, "फरशी गार लागली म्हणून आलं असेल." दादा, फरशी घरभर होती. त्या उकाड्यात घामाने भिजलेल्या माझ्या नडगीवर चढण्यात कसला गारवा होता? हे मी तेव्हा बोलले नाही, आज लिहितेय.

आता तुमच्या चावण्याबद्दल. पिसं झाडायच्या दिवसांत डोक्यावर नव्या पिसांचे कोंब येतात, पांढऱ्या वेष्टणातले, काट्यासारखे. ते दाबले गेले की दुखतं. स्वतःच्या डोक्यावरचे कोंब त्याला चोचीने सोलता येत नाहीत, थव्यात जोडीदार सोलून देतो. म्हणून तो एक दिवस मान खाली घालून डोकं तुमच्या बोटापुढे धरेल. धरेपर्यंत बोट नेऊ नका. धरलं की पिसांच्या उलट दिशेने, अगदी हलक्या हाताने. पाठीवरून आणि पंखांखाली हात फिरवू नका. ती जोडीदाराची जागा आहे, तिथे कुरवाळलं की पक्ष्याला विणीची ओढ लागते, मग तो चिडखोर होतो.

मान वरखाली करत तुमच्या बोटापाशी दाणे उलटवून टाकले तरी घाबरू नका, जोडीदाराला भरवतात तसं तो भरवतोय. कौतुक वाटलं तरी अशा वेळी शांतपणे त्याला खाली ठेवा, ही सवय वाढू देऊ नये. मात्र मान झटकून चहूकडे उडवत असेल, तोंडाजवळची पिसं चिकट झाली असतील, अंग फुगवून मलूल बसला असेल तर तो आजार आहे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरले तर त्याला उकडतंय, तुम्हाला मिठी मारत नाहीये. पाण्याचा बारीक फवारा मारा.

बोलण्यावर फार जाऊ नका. अॅलेक्स नावाचा आफ्रिकन राखाडी पोपट 2007 मध्ये गेला. आदल्या संध्याकाळी तो आयरीन पेपरबर्ग या त्याच्या संशोधक बाईंना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणाला, ही गोष्ट मला निदान दहा जणांनी पाठवली असेल. पण तो रोज रात्री निरोप घेताना तेच म्हणायचा. मला त्या शब्दांपेक्षा ते रोजचं म्हणणं मोठं वाटतं. शेंदऱ्याला एकही शब्द येत नाही. त्याला माझ्या कुकरची शिट्टी येते.

दादाच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर खोटं होईल. फॅनची भीती खरी आहे. फॅनने मेलेले पक्षी मी दोन घरांत पाहिलेत. त्यामुळे पक्षी बाहेर असताना फॅन बंद, खिडक्यांना जाळी, आरशावर चादर, आणि नॉनस्टिक तवा त्या खोलीच्या आसपासही तापवायचा नाही, त्याचा धूर पक्ष्याला मारतो. मे महिन्यात फॅन बंद ठेवून माणसांना बसवत नाही, म्हणून आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे तासभर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तासभर अशी त्याची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेला आता फॅनचं बटण दादाच बंद करतो. वाक्य मात्र मागे घेतलेलं नाही.

तुमच्या पक्ष्याची पिसं येत्या काही महिन्यांत झडतील आणि नवी येतील. दुकानवाला परत कापून देतो म्हणेल, नाही म्हणा. पंख भरल्यावर तो पहिले काही दिवस तुमच्याकडे येणार नाही, तेव्हा हाक मारून मारून त्याला वैताग देऊ नका. त्याच खोलीत बसून आपलं काम करत राहा.