घटपर्णी की कलशफूल?

प्रश्न आला आहे : इंग्रजीत 'पिचर प्लांट' म्हणतात त्या कीटकभक्षी वनस्पतीला 'घटपर्णी' म्हणावं की 'कलशफूल', आणि ती कासच्या पठारावर दिसते का?

'कलशफूल' अजिबात नको. टीव्हीवर मेघालयातली घटपर्णी दाखवली की निवेदक हमखास 'किडे खाणारं फूल' म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. तो घट म्हणजे पान आहे, पान! पानाची मधली शीर तणाव्यासारखी पुढे लांबते आणि तिचं टोक फुगून घट होतो. काठावर मध असतो. काठ ओला झाला की मुंगी घसरलीच. झाकण एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही. खरी फुलं बारीक, वेगळ्या तुऱ्यात येतात. घट हेच जिचं पान ती 'घटपर्णी', 'सप्तपर्णी'सारखा सरळ बहुव्रीही समास आहे हा. मेघालयातले गारो लोक तिला 'मेमांग-कोकसी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. तिथेही फुलाचं नाव नाही.

पण खरी मेजवानी शास्त्रीय नावात आहे : नेपेंथिस खासियाना. यातलं 'नेपेंथिस' स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1737 साली होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातून उचललं. तिथे शोकाकुल पाहुण्यांच्या मद्यात हेलन एक औषध मिसळते. ते प्यायल्यावर आईबाप गेले तरी त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस येत नाही. ग्रीक 'ने' म्हणजे आपला 'न', 'पेंथोस' म्हणजे शोक. म्हणजे शब्दशः 'अशोक'! पळवून नेलेली सीता अशोकवनात, आणि पळवून नेलेल्या हेलनच्या हाती नेपेंथिस. हा निव्वळ योगायोग आहे असं मला कुणी पटवू शकणार नाही. दोन्हींमागे एकच जुनी कथाकल्पना असावी, हे माझं ठाम मत.

घटातल्या रसाने नशा येते म्हणून हे नाव पडलं, असं ठोकून देणाऱ्यांनी लिनियस उघडूनही पाहिलेला नाही. तो म्हणतो, लांबच्या प्रवासानंतर ही वनस्पती समोर आली तर वनस्पतिशास्त्रज्ञ मागचे सगळे हाल विसरेल. नशा रसाची नव्हे, दर्शनाची.

राहिलं कास. तिथे घटपर्णी नाही. भारतातली ही एकमेव नेपेंथिस गारो टेकड्यांत बाघमाऱ्याला, जैंतिया टेकड्यांत जराईनला, नत्र कमी असलेल्या जमिनीत वाढते. नत्राची ती तूट किड्यांतून भरून काढते. कासच्या कीटकभक्षी वनस्पती म्हणजे 'दवबिंदू' आणि 'सीतेची आसवं'. आणि सीतेच्या आसवांचंही फूल किडे खात नाही. ते काम ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या करतात.