संग्राहकांच्या शंका : लष्करी सुऱ्या आणि त्यांचे निर्माते

प्रश्न : मी अलीकडेच एक फेअरबेर्न-साइक्स खंजीर (दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश कमांडोंचा) घेतला. त्याच्या मुठीवर एकाखाली एक कडी आहेत. पात्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मुठीच्या टोकाशी मात्र एक लहान आकडा उठलेला दिसतो. हा १९४१ सालचा, विल्किन्सन कंपनीचा पहिला नमुना आहे, असे विक्रेत्याने सांगितले. ते खरे मानावे का?

उत्तर : मानू नये. आपण केलेले वर्णन तिसऱ्या नमुन्याशी जुळते, आणि तो १९४३ च्या उत्तरार्धापासून पुढचा आहे. शांघायच्या म्युनिसिपल पोलीस दलात काम केलेले विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोन अधिकारी नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीकडे गेले आणि तेथे या खंजिराचे स्वरूप ठरले. पहिल्या नमुन्याची परज (मूठ आणि पाते यांमधली आडवी पट्टी) इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते, मुठीवर बारीक जाळीदार खाचा असतात आणि परजेलगत पात्याचा थोडा भाग धार न लावता सपाट ठेवलेला असतो. कंपनीचे नाव त्याच सपाट भागावर आम्लाने कोरलेले असते. १९४२ च्या ऑगस्टपासून दुसरा नमुना निघू लागला. युद्धाची मागणी वाढत होती, त्यामुळे त्यात परज सरळ झाली आणि पात्याचा तो सपाट भाग गेला, जाळीदार मूठ मात्र राहिली. तिसऱ्या नमुन्यात मूठही बदलली : खाचा कोरण्याऐवजी मिश्रधातूची कडीदार मूठ साच्यात ओतली जाऊ लागली. आपल्याला दिसलेला आकडा बहुधा त्या साच्याचाच आहे.

नाव नाही म्हणून आपला खंजीर कमी प्रतीचा ठरत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. युद्धकाळात इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील अनेक कारखान्यांनी हे खंजीर बनवले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्यांवर आपले नाव घातलेच नाही. परजेवर सरकारी मालकीची बाणाची खूण आणि तपासणीचा ठसा सापडतो का, ते भिंगातून पाहा. ‘इंग्लंड’ असा शब्द ठसवलेला आढळला, तर वस्तू बहुधा युद्धानंतर निर्यातीसाठी बनलेली आहे, कारण अमेरिकेत येणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव असणे तिथल्या कायद्याने आवश्यक होते. हा नमुना युद्धानंतरही अनेक वर्षे बनत राहिला, त्यामुळे केवळ आकारावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. विल्किन्सनचे नाव किमतीत मोठी भर घालते, आणि म्हणूनच ते मागाहून कोरलेही जाते. अशा वेळी कोरलेल्या रेषांच्या तळाशी आजूबाजूच्या पोलादाइतकाच जुनेपणा दिसतो की तिथला धातू ताजा वाटतो, हे पाहावे.

प्रश्न : माझ्या संग्रहातील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दोन अमेरिकन एम-३ लष्करी सुऱ्यांपैकी एकीच्या पात्यावर निर्मात्याचे नाव आणि १९४३ हे साल आहे, दुसरीच्या पात्यावर काहीच नाही, नाव परजेवर आहे. यांतली खोटी कोणती?

उत्तर : केवळ एवढ्यावरून कोणतीही खोटी म्हणता येत नाही. कॅमिलस, केस, इम्पीरियल, युटिका, पाल अशा अनेक कंपन्यांनी ही सुरी १९४३ आणि १९४४ मध्ये बनवली. सुरुवातीला पात्यावर नाव व साल असे, पुढे साल गळले, आणि अखेरीस नाव परजेवर गेले. म्हणजे आपल्याकडे एकाच उत्पादनाचे दोन टप्पे आहेत, आणि असा जोड संग्रहात असणे मला फार मोलाचे वाटते. तपास करायचाच असेल तर परजेचा करावा. एम-३ नंतर कार्बाइनसाठी (आखूड व हलक्या रायफलसाठी) आलेल्या एम-४ संगिनीला याच प्रकारचे पाते होते. त्यामुळे संगिनीची परज बदलून किंवा तिच्यावरचे, बंदुकीच्या नळीवर बसणारे कडे कापून एम-३ तयार केल्याची उदाहरणे आढळतात. परजेच्या वरच्या कडेला कानशीचे ओरखडे असतील, किंवा कातड्याच्या चकत्यांची मूठ पुन्हा बसवल्यासारखी वाटत असेल, तर सौदा थांबवावा.

प्रश्न : जुन्या सुरीवरचा गंज पॉलिशने काढून तिला चकचकीत करावे का?

उत्तर : कृपया करू नये. पॉलिशबरोबर मूळ काळपट लेप जातो आणि उथळ ठसेही झिजतात, ते परत आणता येत नाहीत. सैल गंज तेलाच्या थेंबाने आणि मऊ कापडाने पुसावा, मग पात्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (धातू जपण्यासाठी वापरतात त्या मेणाचा) पातळ हात द्यावा. सुरी कातडी म्यानात कायम ठेवू नये, कारण कातडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलाद खातात, पितळावर हिरवा थर आणतात. म्यान शेजारीच, पण वेगळे ठेवावे, आणि कोणती सुरी कोणत्या म्यानाची, याची चिठ्ठी दोन्हींना बांधावी.