आधी गाडी, मग टो बार

मागच्या अंकात मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी मोठी गाडी, विकत घ्यावी की भाड्याने, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये बऱ्याच जणांनी पुढचाच प्रश्न विचारलाय की एवढं मोठं धूड एकदा कॅम्पग्राउंडला लावलं की दूध आणायला पण त्यातूनच जायचं का? नाही जायचं, मागे छोटी गाडी बांधून न्यायची. चारही चाकं रस्त्यावर ठेवून कार ओढत न्यायची याला इथे अमेरिकेत फ्लॅट टोइंग म्हणतात आणि त्या ओढल्या जाणाऱ्या कारला सगळे लाडाने टोड म्हणतात. दोन्ही गाड्यांना जोडणारा लोखंडी दांडा म्हणजे टो बार. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून गॅरेजपर्यंत नेतात, मागच्या गाडीत एक जण स्टिअरिंग धरून जीव मुठीत घेऊन बसलेला असतो, बघितलंच असेल. तसलाच प्रकार, फक्त इथे मागच्या गाडीत कोणी नसतं आणि वेग ताशी साठ, तोही मैलांत. म्हणून जोडणीचं सामान नीट निवडावं लागतं. यावेळी चार पत्रं घेतलीत.

प्लेनो, टेक्सासहून एक वाचक: नुकताच रिटायर झालो, ३१ फुटी क्लास सी (व्हॅनच्या केबिनमागे बांधलेली मोटरहोम) घेतली, फोर्डच्या ई-४५० चॅसिसवरची. घरात दोन गाड्या आहेत, २०१३ची होंडा सीआर-व्ही आणि २०२१ची रॅव्ह-फोर हायब्रिड. बायको म्हणते नवीच नेऊ, प्रवासात जुनी दगा देईल. डीलरने टो बारची यादी हातात दिलीय, सहा हजार पाउंड वजन ओढणारा, आठ हजारवाला, दहा हजारवाला, कुठला घेऊ?

काका, यादी खिशात ठेवा आणि आधी दोन्ही गाड्यांची मॅन्युअलं काढा. त्यात रिक्रिएशनल टोइंग नावाचा भाग असतो, तो सेल्समननी, मेव्हण्यानी किंवा मी काय सांगितलं त्यापेक्षा मोठा. तिथे चारही चाकांवर ओढू नका असं लिहिलं असेल तर विषय संपला, बार सोन्याचा असला तरी.

वहिनींची निराशा होणार आहे, कारण रॅव्ह-फोर हायब्रिड यात बसत नाही. चाकं फिरली की आतल्या मोटरी फिरतात, गाडी बंद असली तरी. आणि पुढची दोनच चाकं डॉलीवर, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरवर, चढवून मागची रस्त्यावर ठेवायची म्हणाल तर मागच्या चाकांनाही वेगळी मोटर आहे, त्यामुळे तेही नाही. राहिला पूर्ण ट्रेलर, ज्यावर आख्खी गाडी चढते. पण ट्रेलरच दीड-दोन हजार पाउंडांचा, गाडी साधारण पावणेचार हजाराची, झाले सव्वापाच ते पावणेसहा हजार. आता तुमच्या हिचकडे (मोटरहोमच्या मागची ओढायची जोडणी) जाऊन वाका आणि त्यावरचं स्टिकर वाचा. क्लास सी वर बऱ्याचदा ५,००० पाउंड लिहिलेलं असतं, कधी ७,५००.

इथे गंमत आहे म्हणून जरा थांबतो. ई-४५० चं स्वतःचं कमाल वजन १४,५०० पाउंड आणि मागच्या ओझ्यासकट एकूण कमाल २२,००० पाउंड, म्हणजे वजाबाकी केली की ७,५०० उरतात, आणि लोक तिथेच खूश होऊन थांबतात. पण साखळी तुटते ती सगळ्यात कच्च्या कडीला. चॅसिस ७,५०० म्हणतेय, हिच ५,००० म्हणतंय, बार ८,००० म्हणतोय, मधे खाली उतरणारा अडॅप्टर लावला तर त्याचा अजून वेगळा आकडा, यातला जो सगळ्यात लहान तोच तुमचा आकडा. म्हणून दहा हजारवाला बार घेतला की जास्त ओढता येईल हा निव्वळ भ्रम आहे. आणि हे आकडे ब्रोशरमधून घेऊ नका हो, पाणी, सामान, वहिनी, लोणच्याच्या बरण्या सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर मोटरहोम उभी करा, काट्यावरचा कागद हातात आला की बोला.

आता सीआर-व्ही. २०१४ पर्यंतच्या ऑटोमॅटिक सीआर-व्ही म्हणजे टोडवाल्यांची लाडकी गाडी. २०१५ला होंडाने त्यात सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला) गिअरबॉक्स घातला आणि ते सुख संपलं. म्हणजे तुमची जुनी गाडीच कामाची निघाली, वजन साडेतीन हजाराच्या आसपास, पाच हजारात आरामात बसते. पण तिची एक पूजाविधी आहे, ती चुकवायची नाही. बांधून झालं की इंजिन चालू करायचं, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून खाली डी पर्यंत आणायचा, डी मध्ये पाच सेकंद धरायचा, मग न्यूट्रल, तसंच तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मग बंद करून चावी ॲक्सेसरीवर ठेवायची म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही, हँडब्रेक सोडायचा. दिवसात आठ तासांच्या वर ओढणार असाल तर हे परत करायचं. आणि ताशी ६५ मैलांच्या वर जायचं नाही. तीन मिनिटं फार वाटतात, विशेषतः मागे कोणी हॉर्न वाजवत असेल तर, पण त्यात गिअरबॉक्सचं तेल सगळीकडे फिरतं, तेच घाई करून टाळलंत तर गिअरबॉक्सचं बिल येईल. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये जसं लिहिलंय तसंच करा, माझं पाठांतर प्रमाण मानू नका.

मग सामान. टो बार असा घ्या जो मोटरहोमच्या हिचवर कायम राहतो आणि नको तेव्हा दुमडतो, ज्याचे दोन्ही हात आतबाहेर सरकतात. कार अंदाजे जवळ आणून लावली तरी हात ओढून पिना लावता येतात, मग हळू पुढे गेलं की दोन्ही हात टक्क टक्क असे लॉक होतात, दोन आवाज ऐकू आले पाहिजेत, एक नाही. जुन्या पद्धतीचा सरळ त्रिकोणी बार स्वस्त पडतो पण त्याला कार इंचाइंचावर आणून उभी करावी लागते, दोघांचं भांडण नक्की. ब्लू ऑक्स, रोडमास्टर, डेमको ही तीन नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील, यातली ब्लू ऑक्स नेब्रास्कातल्या पेंडर नावाच्या छोट्याशा गावची. तिन्ही चालतात. तुमच्या राहण्याच्या जवळ ज्याची सर्व्हिस आहे तो घ्या, मी तरी तसाच घेतला.

बारपेक्षा जास्त डोकं बेसप्लेटमध्ये घाला. बेसप्लेट म्हणजे कारच्या पुढच्या सांगाड्याला बोल्ट करायची लोखंडी जोडणी, ती प्रत्येक मॉडेलची आणि वर्षाची वेगळी असते आणि बसवायला पुढचं बंपर उतरवावं लागतं. म्हणून ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. बार लावून उभं राहून बाजूने बघा, तो जवळजवळ सपाट दिसला पाहिजे, तीन इंचांपेक्षा जास्त चढउतार नको, नाहीतर ब्रेक लागला की मागची गाडी पुढच्यावर चढायला किंवा खाली घुसायला बघते. सेफ्टी केबल्स दोन, बारच्या खालून एकमेकींना ओलांडून. दिव्यांची वायर, म्हणजे मोटरहोमचा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट कारच्या मागे पण लागला पाहिजे. चावी दिवसभर ॲक्सेसरीवर असते, त्यात कारमध्ये लावायचं ब्रेकचं यंत्रपण (त्याबद्दल पुढच्या पत्रात) तीच बॅटरी खातं, म्हणून मोटरहोमकडून कारच्या बॅटरीला चार्जिंगची एक वायर त्याच वेळी ओढून घ्या, नाहीतर संध्याकाळी कार स्टार्ट होत नाही आणि जम्पर केबल मागत कॅम्पग्राउंडभर फिरावं लागतं. सगळं मिळून मजुरीसकट चार-पाच हजार डॉलरच्या घरात धरून चला.

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून एक वाचक: आमच्या यांचं म्हणणं आहे की मोटरहोमचे ब्रेक एवढे मोठे असतात, मागच्या छोट्या जीपला वेगळा ब्रेक कशाला? दीड हजार डॉलर वाचतील. मला भीती वाटते पण मला त्यातलं कळत नाही असं ते म्हणतात.

ताई, तुम्हाला त्यातलं त्यांच्यापेक्षा जास्त कळतंय. मोटरहोमचे ब्रेक हे मुख्यतः तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनाचा विचार करून दिलेले असतात. चार दारांची जीप रँगलर चार हजार पाउंडांच्या वर, ती मागून ढकलणार. लॉस एंजेलिसहून परत येताना आय-५ वर ग्रेपव्हाइनचा उतार लागतो, आपल्या खंबाटकीची आठवण यावी असा, फरक इतकाच की तो सरळ आणि रुंद असल्यामुळे वेग वाढलेला कळत नाही. तिथे एकदा कोणी समोर आलं की त्या दीड हजारांचा हिशोब होतो. शिवाय हा फक्त अकलेचा प्रश्न नाही, बऱ्याच राज्यांत मागचं वजन ३,००० पाउंडांच्या वर गेलं की स्वतंत्र ब्रेक कायद्यानेच लागतो आणि काही ठिकाणी त्याच्याही आधी. आणि तुमच्या कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे हेही यांना वाचून दाखवा.

ब्रेकमध्ये दोन जाती. एक उचलून ठेवायची पेटी, ड्रायव्हरच्या सीटसमोर ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पेडलला पकडतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालते. ही कुठल्याही गाडीला लावता येते, पण कार चालवायची तर दर वेळी काढा, परत लावा. ती लावण्याआधी इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्यायचं, हे लोक विसरतात आणि मग पहिल्या सिग्नलला मागची गाडी दाणकन ब्रेक मारते. दुसरी जात कायमची, गाडीत लपवून बसवलेली, एक वायर जोडली की झालं. महाग आहे पण रोज बांधणं-सोडणं असेल तर मी डोळे झाकून तीच सांगेन. कुठलीही घ्या, ब्रेकअवे पाहिजेच. म्हणजे एक बारीक केबल मोटरहोमला अडकवलेली असते, बार तुटला तर ती पिन उपसते आणि कार स्वतःच ब्रेक लावून थांबते. ती केबल वळणापुरती जरा सैल ठेवा, नाहीतर वळणावर पिन निघेल.

जीपची पद्धत वेगळी, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. बांधून झालं की तुम्ही बाहेर उभ्या राहा आणि यांना दहा-पंधरा फूट पुढे न्यायला सांगा, चारही चाकं मोकळी फिरतायत का बघा. मग दिवे तपासायला मागे उभं राहून ओरडा, डावा, उजवा, ब्रेक. आणि कारच्या टायरला हवा दाखवणारे सेन्सर लावा, ते सोडू नका, कारण मागचा टायर बसला तर एवढ्या मोठ्या मोटरहोमच्या स्टिअरिंगवर काहीच कळत नाही, तुम्ही गप्पा मारत जात राहता आणि मागे रिम रस्त्यावर घासत असते.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक: टेस्ला मॉडेल वाय मागे बांधता येईल का? त्यात ट्रान्सपोर्ट मोड आहे ना?

नाही. तो मोड गाडी फ्लॅटबेडवर चढवण्यापुरता असतो, हायवेवर ओढण्यासाठी नाही. चारही चाकं जमिनीवरून वर पाहिजेत, म्हणजे ट्रेलर, आणि मग वरच्या काकांसारखं वजनाचं गणित करा.

नेपरव्हिल, इलिनॉयहून एक वाचक: ओळखीतले एक जण मोटरहोम विकतायत, त्यांचा टो बार, बेसप्लेट, केबल्स सगळं सहाशे डॉलरला देतो म्हणतायत. घेऊ का?

बेसप्लेट सोडून द्या. तुमची कार त्याच मॉडेलची आणि वर्षाची असेल तरच ती बसेल, आणि तरी मी दुसऱ्याच्या गाडीतून उपसलेले बोल्ट माझ्या गाडीला लावणार नाही. केबल्स नव्या घ्या, स्वस्त असतात. बार मात्र बघण्यासारखा आहे. त्यावर वजनाची पट्टी वाचता येते का, सांधे हलवून बघा किती खुळखुळतात, दोन्ही हात पूर्ण बाहेर काढून बघा सहज सरकतात का, आणि जमिनीवर ठेवून डोळा लावून बघा, सरळ आहेत का.

हात वाकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, कोणीतरी बांधलेल्या गाडीसकट रिव्हर्स घेतलाय. फ्लॅट टोइंगमध्ये मागे जाता येत नाही, चार फूट सुद्धा नाही म्हणा, कारण मागच्या गाडीची पुढची चाकं आपल्या मर्जीने वळतात आणि सगळा जोर बारवर येतो. आम्ही एकदा न्यू मेक्सिकोत एका गॅस स्टेशनमध्ये शिरलो, पंप मिळाला, डिझेल भरलं आणि मग दिसलं की पुढे कुंपण आहे. मागे तीन गाड्या. बायको खाली उतरली, मी उतरलो, गाडी सोडवायची तर पिन निघेना, कारण वळणावर उभे होतो आणि एका हातावर ताण अडकलेला. मी हातोडी शोधतोय आणि ती शांतपणे कारमध्ये बसली, स्टिअरिंग अर्धं फिरवून इंचभर पुढे घेतली, पिन बोटाने निघाली. मागच्या पिकअपवाल्याने टाळ्या वाजवल्या, मला नाही, तिला. तेव्हापासून पंपात शिरण्याआधी बाहेरचा रस्ता आधी बघतो, नाहीतर ट्रकवाल्यांच्या पंपावर जातो.

तर त्यांना सरळ विचारा, कधी रिव्हर्स घेतला होता का. उत्तर द्यायला वेळ लागला तर बारला जरा जास्त वेळ डोळा लावा. सांधे घट्ट असतील, हात सरळ असतील, वजनाचा आकडा तुमच्या कारच्या वर असेल आणि तुमच्या नव्या बेसप्लेटला तो जुळत असेल (कंपनी वेगळी असली तर मधे अडॅप्टर लागतो, तो मिळतो का ते आधी बघा) तर एकट्या बारचे तीनशे म्हणून बघा. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर ठरवू नका, स्वतः जाऊन हात लावून या.