भ्रूणाचा एक छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणात लावला की दुसरं शरीर उगवतं. मग त्या तुकड्यात अख्ख्या शरीराचा आराखडा असतो का?

नाही. आणि याचा पुरावा मूळ प्रयोगातच आहे, म्हणून आधी तो नीट सांगतो.

जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मँगोल्ड पीएच.डी. करत होती. तिने न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या दोन जाती निवडल्या. एकीच्या भ्रूणपेशी फिक्या, दुसरीच्या रंगद्रव्यामुळे गडद. भ्रूणाच्या पेशी आत शिरायला लागतात तिथे एक खाच पडते; तिचा वरचा ओठ हाच तो तुकडा; त्याला ऑर्गनायझर म्हणतात. फिक्या भ्रूणातला हा ओठ तिने काढला आणि गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक भ्रूणं दगावली. जी थोडी जगली, त्यांच्या पोटावर दुसरी पाठ तयार झाली होती.

आता त्या भ्रूणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नव्या शरीरातली पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा दांडा) फिकी, म्हणजे कलमातून आलेली. पण तिच्यावरची चेतानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात, जवळजवळ सगळी गडद! म्हणजे ज्या पेशी पोटाची कातडी व्हायच्या, त्यांचीच मज्जासंस्था झाली. दोन रंगांच्या जाती निवडल्या नसत्या तर हे कळलंच नसतं. माझ्या मते या प्रयोगाचं खरं मोठेपण त्या निवडीत आहे.

हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या भडक्यात भाजून हिल्डे गेली. वय अवघं २५. श्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकांत तिचं नाव त्यांच्या बरोबरीने यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग हा तुकडा शेजाऱ्यांना सांगतो तरी काय? यावर अनेक दशकं डोकेफोड झाली. मारलेला ऑर्गनायझरही काम करतो, मिथिलीन ब्लूसारखा रंगही करतो, असं दिसल्यावर सगळेच चक्रावले. उलगडा झाला तो झेनोपस बेडकात: १९९२ मध्ये नॉगिन आणि १९९४ मध्ये कॉर्डिन ही प्रथिनं सापडली. दोन्ही ऑर्गनायझरमधून स्रवतात आणि दोन्ही बीएमपी नावाच्या संदेश-प्रथिनाला पेशीबाहेरच पकडून ठेवतात. बीएमपीचा संदेश असतो ‘कातडी हो’. तो पोचला नाही की वरच्या थरातल्या पेशी मज्जासंस्थेकडे वळतात. याच थरातल्या पेशी सुट्या करून काही तास वेगवेगळ्या ठेवल्या, तर ऑर्गनायझर नसतानाही त्या मज्जापेशी बनतात, कारण त्यांच्यातला बीएमपीचा संदेश विरून गेलेला असतो. थोडक्यात, ऑर्गनायझर हुकूम कमी देतो आणि दुसऱ्याचा हुकूम जास्त अडवतो. अर्थात एवढ्यावर सगळं भागत नाही. एफजीएफ हा संदेशही लागतो, आणि डोकं व्हायचं तर डब्ल्यूएनटीचा संदेशही अडवावा लागतो.

कोंबडीत हेच काम हेन्सनची गाठ करते, माशात भ्रूणढाल. २०१८ मध्ये मानवी मूलपेशींपासून तयार केलेला ऑर्गनायझर कोंबडीच्या भ्रूणावर लावला, तेव्हा तिथेही कोंबडीच्याच पेशींतून मज्जाऊती निर्माण झाली.

आता तुमचा पुढचा प्रश्न असणार: ऑर्गनायझरची जागा कोण ठरवतं? बेडकात शुक्राणू जिथून शिरतो त्यावरून ती ठरते. अंड्याचा बाहेरचा थर आतल्या द्रव्यावरून सुमारे ३० अंश सरकतो आणि शुक्राणूच्या साधारण समोरच्या बाजूला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठून तिथे पुढे ऑर्गनायझर बनतो. अतिनील किरणांनी हे सरकणं थांबवलं तर ना पाठ ना डोकं, नुसता पोटाच्या ऊतींचा गोळा होतो. पण त्याच भ्रूणात दुसऱ्याचा ऑर्गनायझर बसवला, तर पाठ आणि डोकं दोन्ही तयार होतात.