भाड्यानं द्यायला पहिलं घर घेतोयस ना, मग टोकन द्यायच्या आधी हे वाच

तुझा मेसेज वाचला. दोन घरं बघून आलास, एक आवडलंय, आणि ब्रोकर म्हणतोय दोन दिवसात टोकन दिलं नाहीस तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. ते दुसरं गिऱ्हाईक कायमच तयार असतं रे, त्याची काळजी तू नको करूस. टोकन खिशातच ठेव. लांबलंय जरा पत्र, पण एका दमात लिहिलंय तसंच वाच.

तू लिहिलंयस की भाड्यातून निम्मा हप्ता सुटेल. हे निम्मं कुठून आलं ते मला कळलंय, आपण कागदावर मांडू. समज घराची किंमत 100 धरली आणि वर्षाचं भाडं 4 येतंय. 80 कर्ज काढलंस, 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत, तर वर्षभराचे हप्ते होतात साधारण 8.6. भाडं 4, हप्ते 8.6, झालं की निम्मं! पण त्या 4 मधलं तुझ्या हातात किती राहणार? एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिनाभर जागा बंद राहिली की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांहून जास्त तिथंच गेले. मग सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, ब्रोकरेज, आज नळ उद्या पंखा परवा गिझर, आणि दर काही वर्षांनी रंग, जो एकदम येतो आणि एकदम खिसा रिकामा करतो. हे सगळं जाऊन 4 चे 2.8 उरले तरी मी म्हणेन छान चाललंय, आणि भाड्यावरचा इन्कम टॅक्स अजून धरलेलाच नाही. म्हणजे हप्त्याचा तिसरा हिस्सासुद्धा पुरता निघत नाही, बाकीचे 5.8 दरवर्षी पगारातून जाणार.

म्हणून घर घेऊच नकोस असं मी म्हणत नाहीये. पण जोवर असं हातात उरणारं भाडं घराच्या किमतीच्या टक्क्यात मोजल्यावर कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी येतंय, तोवर जितकं कर्ज जास्त तितका खड्डा मोठा, आणि तो खड्डा पुढं किंमत वाढेल तेव्हा भरेल अशा आशेवर तू बसणार. आता किंमत वाढतेच असं सगळे सांगतात, कारण ज्यांची वाढली तेच जास्त बोलतात. अमेरिकेत 2006 नंतर घरांचे भाव घसरायला लागले ते 2012 पर्यंत सावरले नव्हते, आणि जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव वर्षानुवर्षं उतरत राहिले. तुझ्याकडे तसंच होईल असं नाही, पण भाव वाढला तर बोनस समज, आणि व्यवहार भाड्यावर तगतोय का तेवढं बघ. तगत नसेल तर स्वतःचे पैसे जास्त घाल, नाहीतर लहान घर बघ, नाहीतर सरळ थांब. थांबायला काही लागत नाही.

कर्जाचं अजून एक, जे सहीच्या वेळी कुणी नीट सांगत नाही. वरच्याच हिशोबात पाच वर्षं हप्ते भरून झाले की मूळ कर्जाच्या 54 टक्क्यांएवढी रक्कम तू बँकेला दिलेली असतेस, आणि मुद्दल कमी झालेलं असतं फक्त 11 टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं व्याज. पाचव्या वर्षी घर विकायची वेळ आली तर कर्ज जवळजवळ तसंच उभं दिसेल, वर खरेदीच्या वेळची स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, ब्रोकरेज हे काही परत येत नाही. शिवाय व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे मधेच बदलणारा असेल आणि 9 चा 10 झाला, तर बँक बऱ्याचदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते, तू खूश की हप्ता वाढला नाही. सुरुवातीलाच असं झालं तर 240 हप्त्यांचे 314 होतात, म्हणजे सहा वर्षांहून जास्त! दर वाढल्याचं पत्र आलं की स्वतः विचारायचं, हप्ता वाढवा, मुदत नको.

आणि गाठीला किमान सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते बाजूला असल्याशिवाय या भानगडीत पडू नकोस, भाडं येणारच नाही असं धरून. फर्निचर, लाइट, किचन ट्रॉली यात ते पैसे घालायचे नाहीत, हे मुद्दाम सांगतोय कारण सगळे तेच करतात.

बांधकाम चालू असलेलं घर स्वस्त पडतं म्हणून त्याचाही विचार करतोयस म्हणालास. स्वस्त पडतं खरं, पण ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज मात्र चालू, आणि ताबा लांबला की तोही भुर्दंड तुझाच. पहिल्या घराला मी तरी नको म्हणेन.

आता घर बघायचं कसं. भाडं किती येईल हे विकणाऱ्याला किंवा त्याच्या ब्रोकरला विचारूच नकोस. त्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या गल्लीत भाडेकरू म्हणून चौकशी कर, चार ठिकाणी फोन कर, घासाघीस करून शेवटी कितीला देतात ते बघ, जाहिरातीतला आकडा हा मागण्याचा असतो, मिळण्याचा नाही. आणि किती दिवस रिकामी आहे तेही हळूच विचार. एकाच बिल्डिंगमध्ये चार-पाच जागा भाड्याला लागलेल्या दिसल्या तर कान टवकार.

घरात शिरल्यावर हॉलची सजावट बघायची नाही, बाथरूममध्ये जायचं आणि तिथून बाहेर येत बघत सुटायचं. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला, बहुतेक ती बेडरूममध्ये असते, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत तळवा लावून बघ, गार किंवा मऊ लागली, रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, की ओल आहे. सगळ्या खोलीला जुना रंग आणि छताच्या एकाच कोपऱ्याला नवा, तर तो कोपरा का रंगवला ते मालकाला विचार. सगळे नळ एकदम सोड आणि शॉवरला धार किती राहते बघ. कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागं मोबाईलचा टॉर्च मारून बघ, लाज वाटू देऊ नकोस, पैसे तुझे आहेत. मग खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजव आणि विचार, वरून गळतं का. हे मालक सांगत नाही, खालचा माणूस मात्र दहा मिनिटं सांगतो, चहा द्यायच्या आधी. शक्य झालं तर पावसात एकदा आणि रात्री एकदा जाऊन ये.

टायटल, म्हणजे मालकी हक्काचे कागद, वगैरे स्वतः वाचत बसू नकोस, वकील लाव, आणि तो विकणाऱ्याचा किंवा ब्रोकरचा नको, तुझा स्वतःचा.

भाडेकरूचं सांगतो, कारण खरा ताप इथे असतो आणि सुखही इथेच. नवीन लोक भाडं थोडं जास्त मिळावं म्हणून जागा अडवून बसतात. 5 टक्के जास्त भाड्यासाठी एक महिना थांबलास तर त्या एका महिन्याचं नुकसान भरून यायला 20 महिने लागतात, तोवर तो भाडेकरू गेलेलाही असेल! वेळेवर देणारा आणि घर नीट ठेवणारा माणूस असेल तर दोन पैसे कमी घे आणि त्याला टिकव. त्याची नोकरी, पगाराचा कागद, ओळखपत्र तपास, आणि आधीच्या घरमालकाला फोन कर. आत्ताच्या मालकाला नाही, त्याच्या आधीच्या. आत्ताच्याला कदाचित हा जायलाच हवा असेल, तो कौतुकच करणार.

करार लेखीच, मग तो आतेभाऊ का असेना, नातेवाईक असेल तर जास्तच. डिपॉझिट किती, परत कधी, नोटीस किती दिवसांची, भाडं दरवर्षी किती वाढणार, मोठी दुरुस्ती कुणाची आणि किरकोळ कुणाची, पोटभाडेकरू चालणार की नाही, सगळं त्यात. तुझ्याकडच्या कायद्यानं नोंदणी लागत असेल तर ती करून टाक, आणि भाडेकरू गेला नाही तर कायद्यानं त्याला बाहेर काढायला काय करावं लागतं आणि किती वेळ जातो हे घर घ्यायच्या आधीच वकिलाला विचार. चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ, मीटरचं रीडिंग फोटोत घे, वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या. डिपॉझिटवरून होणारी बरीचशी भांडणं एवढ्यानं टळतात.

त्यानंतर तू मालक असलास तरी ते घर त्याचं आहे, न सांगता जायचं नाही. गळतीचा फोन आला की त्याच दिवशी प्लंबर पाठव. महिनाभर टाळलंस तर प्लंबरचा खर्च तर होतोच, वर भिंतीचाही होतो आणि माणूसही जातो. भाड्यासाठी बँकेत वेगळं खातं काढ, त्यातूनच मेंटेनन्स, त्यातूनच दुरुस्ती, म्हणजे वर्षाच्या शेवटी खरं काय उरलं ते तुला कुणाला विचारावं लागणार नाही, टॅक्स भरतानाही सोपं जातं.

आता असं कर. तुला आवडलेल्या त्या घराची किंमत, खरेदीचा सगळा खर्च, तू स्वतः चौकशी करून काढलेलं भाडं, मेंटेनन्स, कर, आणि बँकेनं सांगितलेला व्याजदर मला लिहून पाठव. आणि खालच्या मजल्यावरचा माणूस काय म्हणाला तेही. ब्रोकरचा फोन आला तर सांग, रविवारनंतर बोलू.