फाट्यावरच्या मार्शलला

इंदूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मोटारींच्या रॅलीसाठी मार्शलांच्या, म्हणजे शर्यतीचा रस्ता राखणाऱ्यांच्या, ड्युटीची यादी लागली आणि तुझं नाव फ्लाइंग फिनिशला, म्हणजे गाड्या भरवेगात शेवटची रेषा ओलांडतात तिथे, नसून मधल्या फाट्यावर आहे हे पाहून तू हिरमुसलीस, असं कानावर आलं. फिनिशला गाड्या मनसोक्त बघायला मिळतात. फाट्यावर गाडी दोन सेकंद दिसते आणि मग नाकातोंडात धूळ जाते, हे खरं आहे. पण तुझं नाव त्या फाट्यासाठी मीच सुचवलं. त्यामागचं कारण घाईघाईत फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपली स्टेज, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेला रस्त्याचा पट्टा, सिमरोलच्या पुढे, चोरलच्या बाजूच्या जंगलात आहे. ड्रायव्हरशेजारी बसणारा को-ड्रायव्हर रेकीच्या, म्हणजे रस्ता आधी पाहून घ्यायच्या, दिवशी त्या रस्त्याच्या पेस नोट्स, म्हणजे वळणा-चढांच्या नोंदी, लिहितो. जिथे चढाच्या माथ्यापलीकडचं काहीच दिसत नाही, तिथेही ड्रायव्हर पुढच्या दिवशी त्याच नोट्सवर गॅस न सोडता जातो. ताशी ९० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. माथ्यापलीकडे ५० मीटरवर मोटारसायकल उभी असेल तर त्याच्या हातात दोन सेकंद असतात, आणि मुरमाच्या सुट्या खडीवर दोन सेकंदांत गाडी थांबत नाही. तो जातो तो एकाच भरवशावर: हा रस्ता आता रिकामा आहे. हा भरवसा त्याला आयोजक देतात, आयोजकांना त्या स्टेजचा प्रमुख, म्हणजे स्टेज कमांडर, देतो आणि स्टेज कमांडरला तू देतेस. तुझ्या मागे कुणी नाही. फाट्यावरून आत काय गेलं आणि काय गेलं नाही, हे जगात फक्त तुला माहीत असतं.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिपची फेरी चालू होती. स्टेजवर एक मोटारसायकल आली, स्पर्धेतल्या गाडीची तिला धडक बसली आणि तिच्यावरचं अख्खं कुटुंब, नवरा, बायको आणि मुलगा, जागच्या जागी गेलं. त्यानंतर दोष कुणाचा यावर पुष्कळ बोललं गेलं, त्यात मी शिरत नाही. मी तुला एवढंच विचारीन, की अशी मोटारसायकल आपल्या स्टेजवर कुठून येऊ शकेल? नकाशा उघड आणि बघ. ती स्टार्टवरून येणार नाही, तिथे पन्नास माणसं असतात. फिनिशवरूनही येणार नाही. ती येईल तुझ्या फाट्यावरून, नाहीतर नकाशात नसलेल्या एखाद्या पायवाटेवरून.

म्हणून तुझी ड्युटी रॅलीच्या दिवशी सुरू होत नाही. निदान दोनदा आधी तिथे जाऊन ये. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी, कारण दोन्ही वेळची वहिवाट वेगळी असते. मार्चअखेर आहे, मोहाची फुलं गळायला लागलेली असतील. अंधार असतानाच बायका-पोरं टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. तू सकाळी फाट्यावर पोचशील तेव्हा ती आधीच आत असतील, आणि ती बाहेर पडणार आपल्याच रस्त्यावर. त्याच सुमाराला गहू निघत असतो, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्या. दूधवाला केव्हा जातो, शेळ्या कुठून कुठे नेतात, हाटाचा वार कुठला, शाळेची मुलं कुठली वाट तुडवतात, हे सगळं विचारून वहीत लिही. कलेक्टर कचेरीची, पोलिसांची, वनखात्याची परवानगी आयोजकांनी काढलेली असते. ती गरजेचीच आहे, पण तो कागद दूधवाल्यानं वाचलेला नसतो.

गावात जाऊन सरपंचाला भेट, पण त्याहूनही कोटवाराला, म्हणजे गावच्या चौकीदाराला, भेट. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून मुनादी, म्हणजे दवंडी, करवून घे: उद्या अमुक ते अमुक वेळ रस्ता बंद, गाड्या फार वेगानं येतील, गुरं आणि पोरं आवरा. आपण इंदुरी मराठी माणसं हिंदी बोलतो ती शहरी. तिथे राम-राम करून, ओट्यावर बसून, चहा घेऊन बोलावं लागतं. कागद फडकावून बोललीस तर लोक ऐकून घेतील आणि मग करायचं तेच करतील. रस्ता त्यांचा आहे, आपण तो अर्ध्या दिवसासाठी मागून घेतोय, ही जाणीव तुझ्या बोलण्यात दिसली तर निम्मं काम तिथेच होतं. गावातली दोन जाणती पोरं मदतीला मिळाली तर फारच उत्तम. फाट्यावर त्यांचा शब्द तुझ्या जॅकेटपेक्षा जास्त चालतो.

आता प्रत्यक्ष फाट्यावर. टेप लावली की रस्ता बंद झाला, असं समजू नकोस. टेप हा निरोप आहे, अडसर नाही. अडसर म्हणजे तू आणि तुझा जोडीदार. टेप मुख्य रस्त्यापासून बरीच आत, फाट्याच्या बाजूला लाव, म्हणजे थांबलेली माणसं स्टेजपासून दूर थांबतील आणि घसरून आलेल्या गाडीच्या वाटेत येणार नाहीत.

कुणीतरी हुज्जत घालेलच. ‘दोन मिनटं लागतील, पुढच्याच घरी जायचंय’ असं म्हणेल. शांतपणे सांग, हात जोड, सावलीत बसव, पाणी दे. आणि तरीही एखादा गाडी दामटून आत शिरलाच, तर त्याच्यामागे धावू नकोस, त्याच्या पुढे आडवी होऊ नकोस. त्याच क्षणी रेडिओ उचल: तुझ्या पॉइंटचा नंबर, मोटारसायकल आत गेली, दिशा स्टार्टकडे की फिनिशकडे. एवढंच. बाकीचं स्टेज कमांडर बघेल, तो स्टार्ट रोखेल. मी खूप मार्शल पाहिलेत, चांगले, कष्टाळू. त्यांच्या हातून माणूस सुटला की ते ओशाळतात आणि ‘बघू, येईल परत’ म्हणत थोडा वेळ गप्प राहतात. या गप्प राहण्याची मला धास्ती वाटते. माणूस निसटणं कुणाच्याही हातून होऊ शकतं आणि त्याबद्दल तुला कुणी बोलणार नाही. कुणी बोललं तर मी आहे.

दुसरा प्रसंग जास्त अवघड. बाळंतपणाला निघालेली बाई किंवा साप चावलेलं पोर घेऊन लोक आले तर? तेव्हा ‘रस्ता बंद आहे’ हे उत्तर नव्हे, आणि ‘जा, जा, पटकन जा’ हेही उत्तर नव्हे. रेडिओवर सांग, स्टेज थांबवायला लाव, आत असलेल्या गाड्या बाहेर पडल्याचा आणि रस्ता दिल्याचा शब्द कंट्रोलकडून, म्हणजे रॅलीच्या नियंत्रण कक्षाकडून, स्पष्ट येऊ दे, मग वाट दे. स्टेजसाठी उभी असलेली अँब्युलन्स त्यांच्या कामी येईल का, तेही त्याच वेळी विचार. स्टेज रद्द झाली तरी चालेल. जे आयोजक यावर नाक मुरडतात त्यांच्या रॅलीत तू काम करू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझा फाटा रेडिओ पॉइंटही आहे, म्हणून लॉगशीटबद्दल. स्टार्टवरून सांगतील, अमुक नंबरची गाडी सुटली. तुझ्यासमोरून गेली की नंबर आणि वेळ लिही. न बघता लिहायचं नाही, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. धुळीत नंबर दिसला नाही तर ‘एक गाडी, नंबर दिसला नाही’ असंच कळव. या चौकटी भरण्याचं काम कंटाळवाणं वाटेल, पण हरवलेली गाडी शोधायचा दुसरा उपाय नाही. समज, गाडी तुझ्या आधीच्या पॉइंटवरून गेली, तिच्या मागची गाडी तुझ्याकडे आली, आणि ती स्वतः आलीच नाही. याचा अर्थ ती त्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी दरीत, झाडावर किंवा नाल्यात आहे. ते त्या मिनिटाला कळलं तर बचावाची गाडी त्या मिनिटाला निघते. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानं सोडत असतील तर ताशी ९० च्या वेगात मागची गाडी अवघी दीड किलोमीटर मागे असते. आपल्या माळव्याची धूळ हवेत लोंबकळत राहते, म्हणून अंतर दोन मिनिटांचं ठेवा असं मी सुचवलंय. तरीही वेळ थोडाच.

तुझ्या नजरेसमोर गाडी उलटली तर पाय आपोआप तिकडे धावतील. धावू देऊ नकोस. आधी रेडिओ: गाडीचा नंबर, जागा, आतली दोघं हलतायत का, रस्ता अडलाय का. मग जोडीदाराला येणाऱ्या गाड्यांच्या दिशेनं मागे पाठव, रस्त्याच्या कडेकडेनं. गाडीतली दोघं धड असतील तर ती लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे लावतात आणि हिरव्या अक्षरांत ‘ओके’ लिहिलेला फलक मागून येणाऱ्यांना दाखवतात. लाल ‘एसओएस’ दिसला तर मागून येणाऱ्या पहिल्या गाडीनं थांबून मदत करायची आणि त्यानंतरच्या गाडीनं पुढच्या रेडिओ पॉइंटला, म्हणजे कदाचित तुला, येऊन सांगायचं. अशी गाडी थांबली तर को-ड्रायव्हरचं पूर्ण ऐकून घे, परत म्हणून दाखव, मगच पुढे कळव. घाबरलेल्या माणसाचा किलोमीटरचा आकडा चुकू शकतो.

आग नसेल तर जखमींना ओढून बाहेर काढू नका, हेल्मेट काढू नका, डॉक्टर येईपर्यंत मान हलू देऊ नका. वीज तोडायचं बटण बाहेरून ओळखता येतं: निळ्या त्रिकोणात लाल वीज. आग विझवायच्या यंत्रणेची खूण म्हणजे लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल ‘ई’. सकाळी सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती होते तिथे, जाऊन चार गाड्यांवर या खुणा बोट ठेवून बघून घे.

लाल झेंडा तुझ्याजवळ असेल, पण तो तुझ्या मर्जीचा नाही. कंट्रोलनं सांगितलं तरच दाखवायचा, सांगितल्याची वेळ लिहायची आणि कुठल्या कुठल्या गाडीला दाखवला तेही लिहायचं. लाल झेंडा पाहिलेल्या गाडीनं वेग लगेच कमी करून स्टेजच्या शेवटापर्यंत तसाच ठेवायचा असतो. तिला नंतर न्याय्य वेळ दिली जाते, आणि ती तुझ्या नोंदीवरून ठरते.

प्रेक्षकांचं म्हणशील तर आपल्या शहराला गर्दीची हौस आहे. रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर जितकं आत घुसावं तितकी मजा. तीच सवय घेऊन पोरं चोरलला येतील आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोबाइल धरून उभी राहतील. गाडी सुटते ती नेमकी त्याच बाजूला. ५ मार्च १९८६ ला पोर्तुगालमध्ये, सिंत्राजवळच्या स्टेजवर गर्दी इतकी रस्त्यावर आली होती की एक गाडी तिच्यात शिरली आणि तीन माणसं गेली. त्यानंतर मोठ्या संघांच्या ड्रायव्हरांनी स्वतःहून ती रॅली सोडली. स्कॉटलंडच्या जिम क्लार्क रॅलीत २०१४ साली पुन्हा तीन प्रेक्षक गेले. म्हणजे नियम चांगले असलेल्या, अनुभवी लोकांच्या देशातही हे होतं. तुझ्या फाट्यावरची माणसं उंचावर, वळणाच्या आतल्या बाजूला, टेपच्या मागे जात नसतील तर कंट्रोलला सांग. त्यांच्यामुळे स्टेज थांबली की बाकीचे प्रेक्षकच त्यांना मागे ओढतात. आणि हे सगळं तुलाही लागू आहे: रस्त्याकडे पाठ नको, बसणं नको, रस्त्याच्या पातळीखाली खळग्यात उभं राहणं नको, आणि मागे पळायला मोकळी जागा हवी. फोन खिशात. मार्शलनं काढलेला व्हिडिओ मला दाखवूही नकोस.

फिनिशचं थोडक्यात सांगतो, कारण तुझं मन तिकडे आहे. फ्लाइंग फिनिशला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत घेतात, गाडी न थांबता जाते आणि पुढे स्टॉप पॉइंटला टाइम कार्डवर वेळ लिहिली जाते. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणी, ठरल्यापेक्षा उशिरा आलं तर मिनिटाला १० सेकंदांचा दंड, लवकर आलं तर मिनिटाला पूर्ण मिनिटाचा. आकडा सुवाच्य हवा, खाडाखोड झाली तर शेजारी सही हवी. मान मिळवून देणारं काम आहे, पुढच्या वर्षी करशील.

सुरुवातीला तीन शून्यांची, दोन शून्यांची आणि मग एका शून्याची गाडी जाईल. या आयोजकांच्या, शर्यतीआधी रस्ता तपासणाऱ्या गाड्या. त्या तुझी परीक्षा घ्यायला येतात असं समज. फाट्यावर काही शंका असेल तर शून्य गाडीला थांबवायला लाजू नकोस. शेवटची स्पर्धक गाडी गेली की लोक टेप तोडायला लागतील, ‘झालं, झालं’ म्हणतील. झालेलं नसतं. मध्ये बंद पडलेली एखादी गाडी दुरुस्त होऊन मागून वेगात येऊ शकते. सगळ्यांच्या शेवटी येणारी आयोजकांची स्वीपर गाडी तुझ्यासमोरून गेली आणि कंट्रोलनं तुझ्या पॉइंटचं नाव घेऊन रस्ता खुला केल्याचं सांगितलं, की मग टेप काढ. ज्यांना तू सकाळपासून अडवून ठेवलंस त्यांचे आभार मान, आणि टेपचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या गोळा करून गाडीत टाक. पुढच्या वर्षी त्याच गावाकडे रस्ता मागायला जायचंय.

रविवारी सकाळी सातला माझ्याकडे ये. रेडिओवर बोलायचा सराव करू, नंतर पोहे खाऊन तुझ्या फाट्यावर जाऊ. जोडीदारालाही घेऊन ये आणि वही विसरू नकोस.

तुझा,
काका